स्टीलच्या घड्याळाच्या कडा

आपण लिहिले आहे की आपल्या काकांनी जिनिव्हात नोकरीला असताना, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, घेतलेले ओदेमार पिगे कंपनीचे स्टीलचे ‘रॉयल ओक’ घड्याळ आता आपल्याकडे आले आहे. ते सर्व्हिसिंगसाठी दाखवले तेव्हा दुकानदाराने ‘बफ मारून नव्यासारखे चकचकीत करून देतो’ असे सांगितले. सोन्याचे नसलेल्या घड्याळाला सोन्याच्या घड्याळापेक्षा जास्त भाव येतो, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना पटत नाही. पॉलिश करून घ्यावे का आणि स्टीलला एवढी किंमत का, असे आपले दोन प्रश्न आहेत. पुण्यात तीसहून अधिक वर्षे घड्याळदुरुस्तीचे काम केल्यावर मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात, कारण दुसऱ्याचे उत्तर नीट कळले की पहिला उरतच नाही. तरीही घाई असेल म्हणून आधीच सांगून टाकतो : पॉलिश करू नका, आणि दुकानदाराला तसे लेखी कळवा.

आपल्याकडे मौल्यवान वस्तूची किंमत काट्यावर ठरते. दागिना मोडीत घातला तरी सोन्याचा भाव मिळतो, घडणावळ तेवढी बुडते. या हिशेबाने पाहिले तर आपल्या घड्याळाची मोड काही रुपयांची होईल, आणि वडीलधाऱ्यांची शंका त्या अर्थी रास्तच आहे. जुन्या स्विस घड्याळांतही हाच हिशेब चाले. स्टील हे रोजच्या वापराचे आणि धकाधकीचे, सोने हे समारंभाचे. आपल्या घरांतही रोजच्या हातावर स्टीलची फेवर ल्यूबा असे. ही कंपनी १८६५ पासून मुंबईच्या बाजारात होती आणि तिची ‘सी किंग’, ‘सी चीफ’ ही घड्याळे आजही दुरुस्तीला येतात. खेळासाठी स्टील वापरण्याची कल्पनाही जुनी होती. १९३१ चे ‘रिव्हर्सो’ हे त्याचे ठळक उदाहरण, आणि त्याचा उगम भारतातच आहे. इथे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत, म्हणून आतल्या आत उलटून तबकडी झाकणारे घड्याळ करवून घेतले गेले. पुढे १९५३ च्या सुमारास पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी ब्लांपांचे ‘फिफ्टी फॅदम्स’ आणि रोलेक्सचे ‘सबमरिनर’ आले. ही सारी उत्तम घड्याळे आहेत, पण ती अवजारे होती. अतिशय पातळ, उच्च प्रतीचे मशीन स्टीलमध्ये बसवायचे आणि त्यासाठी सोन्याच्या घड्याळापेक्षा अधिक पैसे मागायचे, असा मालिकेने विकण्याचा प्रयत्न या दर्जाच्या घराण्याने केलेला नव्हता.

तो प्रयत्न झाला तो काळ स्विस उद्योगासाठी कठीण होता. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोने ‘ॲस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरी आणि स्फटिकावर चालणारे, मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि वेळेच्या अचूकपणात यांत्रिक घड्याळ एका दिवसात मागे पडले. १९७१ मध्ये डॉलर आणि सोने यांची सांगड तुटली, त्यानंतर स्विस फ्रँक महाग होत गेला आणि निर्यात अवघड झाली. १९७० मध्ये या उद्योगात सुमारे ९०,००० माणसे काम करत होती. पुढच्या दीड दशकात ती एकतृतीयांशाच्या आसपास उरली. अशा काळात स्वित्झर्लंडच्या जू खोऱ्यातल्या ले ब्रासू या लहानशा गावात, १८७५ पासून घराण्यातच राहिलेली ओदेमार पिगे ही कंपनी काहीतरी वेगळे शोधत होती. तिचे प्रमुख जॉर्ज गोले यांनी १९७१ च्या बाझल शहरातल्या घड्याळ-प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास घड्याळांचे आराखडे करणारे जेराल्ड जेंटा यांना फोन केला. कोणी पाहिले नाही असे स्टीलचे घड्याळ हवे आहे आणि आराखडा उद्या सकाळी हवा, एवढेच त्यांनी सांगितले. ही हकिगत जेंटा स्वतः पुढे अनेकदा सांगत. त्यांचा जन्म १९३१ मधला, जिनिव्हाचा. दागिन्यांच्या कामात तयार झालेला हा माणूस ऐन विशीत युनिव्हर्सल जिनिव्हचे ‘पोलराउटर’ घड्याळ रेखाटून नावारूपाला आला होता.

रात्रीत काढलेल्या त्या चित्रामागे त्यांची एक लहानपणची आठवण होती. जिनिव्हात एका पाणबुड्याच्या डोक्यावर धातूचे शिरस्त्राण चढवून ते बोल्टांनी आवळताना त्यांनी पाहिले होते. अष्टकोनी बेझल, म्हणजे काचेभोवतीची धातूची चौकट, त्यावर आठ स्क्रू आणि खाली रबराचा वॉशर ही सारी रचना तिथली आहे. ‘रॉयल ओक’ हे नाव ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचे आहे. त्या जहाजांचे नाव वूस्टरच्या १६५१ च्या पराभवानंतर राजा दुसरा चार्ल्स ज्या ओक वृक्षात लपला होता त्यावरून पडले. त्यामुळे अष्टकोन हा जहाजावरच्या तोफेच्या खिडकीचा आकार आहे असे सर्रास सांगितले जाते. जेंटा मात्र शिरस्त्राणाचीच गोष्ट सांगत आले आणि मला तीच खरी वाटते, कारण घड्याळ उघडले की ती हाताला जाणवते.

हे आठ स्क्रू मी आपल्याला जरा जवळून दाखवतो. भिंगातून पाहिले तर प्रत्येकाचे डोके षटकोनी आहे आणि ते बेझलमध्ये कोरलेल्या तेवढ्याच मापाच्या षटकोनी खाचेत बसलेले आहे. म्हणजे वरून ते फिरूच शकत नाहीत. ते बेझल, वॉशर आणि केस, म्हणजे मशीन ज्यात बसते तो घड्याळाचा बाहेरचा सांगाडा, यांतून आरपार मागे जातात आणि मागच्या बाजूने आवळले जातात. डोक्यांवरच्या पेचकसाच्या आठही खाचा एकाच वर्तुळाच्या रेषेत दिसतात याचे कारण हेच. साधा स्क्रू आवळून जिथे थांबेल तिथे थांबतो, त्याच्या खाचेला शिस्त लावता येत नाही. हे मात्र कधी फिरलेलेच नसतात. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी असेच एक घड्याळ आले होते. आधीच्या कारागिराने ते समोरून पेचकस लावून उघडण्याचा प्रयत्न केला होता. ही डोकी व्हाइट गोल्डची, म्हणजे बेझलच्या स्टीलपेक्षा मऊ. पाच स्क्रूंच्या खाचा फाटल्या होत्या आणि दोन ठिकाणी पेचकस घसरून बेझलवर ओरखडा गेला होता. त्या कारागिराचा हेतू वाईट नव्हता. समोर खाच दिसली की पेचकस लावायचा, हे हाताला लागलेले वळण आहे. पण आपले घड्याळ ज्याच्या हाती द्याल त्याला ‘हे कुठून उघडतात’ एवढा एक प्रश्न अवश्य विचारा. आपल्या नगात मागचे झाकण वेगळे नाही. मधली केस आणि पाठ एकाच तुकड्याची आहे, त्यामुळे बेझल सुटल्यावर मशीन समोरूनच बाहेर येते.

आता कडांकडे वळू, कारण आपल्या दुकानदाराला नेमके तिथेच काम करायचे आहे. बेझलच्या वरच्या पृष्ठभागावर एकाच दिशेने गेलेल्या अतिशय बारीक, सरळ रेघा आहेत. त्याला आम्ही सॅटिन म्हणतो. त्या पृष्ठभागाच्या कडेला उतरती पट्टी आहे आणि ती आरशासारखी चकचकीत आहे. त्याखाली केसची बाजू पुन्हा रेघांची. रेघांचा भाग उजेड पसरवतो आणि करडा दिसतो, चकचकीत पट्टी उजेड जसाच्या तसा परत फेकते, आणि मनगट हलले की पट्टीवरून प्रकाशाची एक रेष धावते. ही रेष तीक्ष्ण दिसण्यासाठी दोन पृष्ठभाग जिथे मिळतात तिथली कड चाकूने कापल्यासारखी असावी लागते. ती कड म्हणजेच हे घड्याळ. बाकी अष्टकोन कोणीही काढू शकतो, आणि पुढे अनेकांनी काढलाही. पुण्याच्या तांबट आळीतले मठारकाम आपण पाहिले असेल. तांब्याच्या हंड्यावर हातोडीने एकेक ठोका देऊन जे पैलू उठवतात त्यांनी भांडे मजबूतही होते आणि झळाळतेही. तो हंडा कोणी बफावर धरून गुळगुळीत केला तर तांबे तेवढेच राहील, पण तांबटाचे काम जाईल. स्टीलच्या या घड्याळांचे तसेच आहे.

सोन्यात अशी कड काढणे तुलनेने सोपे. सोने मऊ, हत्याराला साथ देणारे, आणि पडलेला कीस गोळा करून पुन्हा वितळवता येणारे. स्टील कठीण, हत्यारे झिजवणारे, आणि चूक झाली की तो तुकडा वाया. पहिले नमुने व्हाइट गोल्डमध्ये करून पाहिले गेले, कारण इतक्या पैलूंची केस स्टीलमध्ये घडवणे सुरुवातीला त्याहून खर्चिक होते. वडीलधाऱ्यांना हे जरूर सांगा : या घड्याळात धातू स्वस्त आहे, घडणावळच महाग आहे. आणि सोने अगदीच नाही असेही नाही. बेझलचे स्क्रू, तबकडीवरचे तासांचे ठोकळे आणि दोन्ही काटे व्हाइट गोल्डचे आहेत. मशीनमध्ये जो जड अर्धगोल फिरून चावी भरतो त्याची कड २१ कॅरट सोन्याची आहे, आणि बंद पाठीमुळे ती घालणाऱ्याला कधी दिसतही नाही. बाहेर सोने आणि आत पोलाद हा नेहमीचा क्रम या घड्याळाने उलटा केला. मला त्यातली ही गोष्ट सर्वांत जास्त आवडते.

पट्टा हा या घड्याळाचा निम्मा जीव आहे. तो केसला नंतर जोडलेला नाही. केसचाच उतार पुढे सरकत मनगटाभोवती जातो आणि बकलकडे निमुळता होत जातो. त्यामुळे कड्या एकाच मापाच्या असू शकत नाहीत, पुढची कडी मागचीपेक्षा किंचित अरुंद हवी. प्रत्येक कडीवर रेघांचे पृष्ठभाग आणि कडेला चकचकीत पट्टी आहेच. हे काम जिनिव्हाच्या गे फ्रेर या पट्टे करणाऱ्या कारखान्याने केले. तबकडी स्टर्न फ्रेर या कारखान्याची. त्याच स्टर्न घराण्याने १९३२ मध्ये पाटेक फिलिप ही घड्याळकंपनी विकत घेतली होती. तबकडीवरची चौकोनी विणीसारखी नक्षी, जिला ‘तापिसरी’ म्हणतात, ती छापलेली किंवा ठोकून उठवलेली नसते. यंत्राची एक बाजू मोठ्या साच्यावरून फिरते आणि दुसऱ्या बाजूचे टोकदार हत्यार तेच रूप लहान करून पितळेत कोरत जाते. आपल्या तबकडीचा मूळ निळा रंग आता कुठे करडा, कुठे तपकिरी झाला असेल तर तो दोष समजू नका आणि बदलूनही घेऊ नका.

मशीनबद्दल थोडक्यात. २१२१ हे त्याचे नाव. जेझे-लकुल्त्र या स्विस कंपनीने १९६७ मध्ये तयार केलेल्या ९२० या मशीनवर ते आधारलेले आहे. तारखेसह त्याची जाडी केवळ ३.०५ मिलिमीटर, तरीही फिरणारा अर्धगोल पूर्ण व्यासाचा. त्याची कड माणकांच्या रुळांवर टेकून फिरते, म्हणून एवढ्या पातळ बांध्यातही तो डुगडुगत नाही. जेझे-लकुल्त्रने स्वतःच्या घड्याळात हे मशीन कधी वापरले नाही. ते ओदेमार पिगे, पाटेक फिलिप आणि वाशेरॉन कॉन्स्टँटिन यांच्या वाट्याला गेले. ३९ मिलिमीटर रुंद घड्याळ जेमतेम सात मिलिमीटर जाडीत बसले ते या मशीनमुळेच. ओदेमार पिगेने ते रॉयल ओकमध्ये २०२२ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, चालवले. आपल्यासाठी एक व्यावहारिक सूचना : यात तारीख झटकन पुढे ढकलण्याची सोय नाही, ती काटे फिरवूनच बदलावी लागते. तेव्हा ‘तारीख अडकते’ म्हणून कोणी मशीन उघडायला निघाला तर त्याला थांबवा.

१९७२ च्या वसंतात बाझलला हे घड्याळ मांडले गेले तेव्हा त्याची किंमत सुमारे ३,३०० स्विस फ्रँक होती आणि अनेक सोन्याची घड्याळे त्याहून स्वस्त होती. त्या काळच्या मानाने ३९ मिलिमीटर हे मापही अवाढव्य होते. पहिले हजार नग विकायलाही वेळ लागला. पण ते विकले गेले, मालिका वाढवली गेली, आणि एक नवा प्रकार रुजला. १९७६ मध्ये जॅकलिन दिमिए यांनी त्याचे स्त्रियांसाठी २९ मिलिमीटरचे रूप केले. मूळ रेषा न मोडता माप लहान करणे हे फार अवघड काम आहे आणि त्यांच्या नावाचा उल्लेख पुरेसा होत नाही, अशी माझी तक्रार आहे.

त्याच वर्षी जेंटांनी पाटेक फिलिपसाठी ‘नॉटिलस’ रेखाटले. जहाजाच्या गोल खिडकीची कल्पना, दोन्ही बाजूंना बिजागरीसारखे कान, ४२ मिलिमीटर माप आणि १२० मीटर खोलीपर्यंत पाण्याला दाद न देणारी केस. जगातल्या अत्यंत महागड्या घड्याळांपैकी एक स्टीलचे आहे, अशी त्याची उघड जाहिरात केली गेली. आयडब्ल्यूसीचे ‘इंजेनिअर एसएल’ हेही जेंटांचे आणि १९७६ चेच. चुंबकापासून मशीन वाचवण्यासाठी आत मऊ लोखंडाचे कवच असलेले. पुढच्या वर्षी, १७५५ मध्ये स्थापन झालेल्या वाशेरॉन कॉन्स्टँटिनच्या २२२ व्या वर्षानिमित्त, योर्ग हायसेक या तरुणाने ‘२२२’ केले. ते जेंटांचे आहे असे आजही अनेक जण समजतात, ते चूक आहे. नॉटिलस अधिक मृदू आहे आणि सदऱ्याच्या बाहीखाली अधिक सहज बसते, हे मान्य. पण रचना उघडी ठेवून तिलाच शोभा मानण्याचे धाडस रॉयल ओकमध्येच आहे, असे मला वाटते. १९९३ चे जाडजूड ‘रॉयल ओक ऑफशोअर’ हे इमॅन्युएल गे यांचे काम त्याच धाडसाची पुढची पायरी. अलीकडच्या काळात या घड्याळांच्या भावांना जे उधाण आले, ज्यात डिसेंबर २०२१ मध्ये टिफनीच्या निळ्या रंगाचे एक नॉटिलस न्यूयॉर्कच्या लिलावात ६५ लाख डॉलरला गेले, त्याचा घड्याळकलेशी संबंध थोडा आहे. त्या आकड्यांकडे पाहून आपल्या घड्याळाबद्दल निर्णय करू नका.

आता आपल्या दुकानदाराच्या बफाकडे. कापडाचे चाक वेगाने फिरते, त्यावर पॉलिशची वडी लावलेली असते, आणि घड्याळ त्यावर हाताने धरले जाते. कापड मऊ असल्यामुळे ते सपाट पृष्ठभागापेक्षा कडेवर जास्त चढते आणि पहिल्यांदा कडच खाते. पाच मिनिटांत ओरखडे जातात हे खरे. त्यांच्याबरोबर दोन पृष्ठभागांमधली सीमा विरघळते, रेघा पुसतात, चकचकीत पट्टी रुंद आणि अस्पष्ट होते आणि स्क्रूंच्या षटकोनी खाचांचे कोपरे गोल होतात. मग वरून पुन्हा रेघा ओढून दिल्या तरी त्या कडेवरून खाली घरंगळतात, कारण त्यांना थांबवणारी कड उरलेली नसते. गेलेले स्टील परत आणण्याचा मार्ग एकच : लेसरने त्याच जातीच्या धातूचा भर घालायचा आणि सपाट तबकावर घासून पैलू नव्याने काढायचे. ते काम करणारे हात मोजके आहेत. कंपनीची ले ब्रासू इथली जुन्या घड्याळांची कार्यशाळा त्यांपैकी एक. तेही केवळ खोल इजा झाली असेल तरच. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या वापराचे बारीक ओरखडे ही इजा नव्हे.

आपले घड्याळ मूळ अवस्थेत आहे का, हे घरीच पाहता येईल. खिडकीजवळ आडव्या उजेडात धरा आणि बेझलची एकेक बाजू पाहा. चकचकीत पट्टीची रुंदी आठही बाजूंना सारखी दिसली आणि रेघा कडेपाशी तुटल्यासारख्या थांबल्या, तर केसला बहुधा कोणी हात लावलेला नाही. पाठीवरचे अक्षर आणि क्रमांक बोटाला खोल लागतात का तेही पाहा. बफ लागलेल्या पाठीवर ते उथळ झालेले असतात. पट्टा आडवा धरला की थोडा लोंबेल, ते कड्यांच्या सांध्यांची झीज आहे. ती दुरुस्त होऊ शकते, पण त्यासाठी नवा पट्टा लावून जुना टाकून देऊ नका.

सर्व्हिसिंग मात्र टाळू नका. तेल सुकलेले असताना चालवलेले मशीन आतून झिजते, आणि ती झीज बाहेरून दिसत नाही. मशीन साफ करून घ्या, तेल आणि रबराचा वॉशर बदलून घ्या, पट्टा कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुऊन घ्या. घड्याळाला मात्र पाणी लागू देऊ नका, कारण जुन्या वॉशरवर भरवसा ठेवता येत नाही. तबकडी, काटे आणि त्यांवरचा पिवळसर झालेला चमकणारा लेप जसाच्या तसा ठेवायला सांगा, आणि बदललेला प्रत्येक जुना भाग पाकिटात घालून परत मागा. घड्याळ देताना पावतीवर दुकानदाराच्या हस्ताक्षरात ‘केस, बेझल व पट्टा पॉलिश करू नये’ असे लिहून घ्या, आणि देण्याआधी आठही बाजूंचे फोटो त्याच्यासमोर काढा.